खोल्यांची यादी लागण्याआधी

पहिल्या वर्षाची मुलगी वसतिगृहात दाखल होते तेव्हा तिच्या घरच्यांना पुसलेली फरशी दिसते, नव्यानं रंगवलेल्या कॉट दिसतात आणि दारावर चिकटवलेला तीन नावांचा कागद दिसतो. त्या कागदापर्यंत पोचायला आम्हाला दीड-दोन महिने लागलेले असतात आणि त्यातलं निम्मं आम्ही पालकांना सांगत नाही. पुण्यातल्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या मुलींच्या वसतिगृहाची मी बरीच वर्षं रेक्टर होते. आता ते काम दुसऱ्या मॅडमकडे गेलं आहे, तेव्हा सांगून टाकायला हरकत नाही.

सुरुवात ढेकणांपासून.

उन्हाळ्याच्या सुटीत खोल्या रिकाम्या होतात आणि नवख्या रेक्टरला वाटतं, दोन महिने खायला मिळालं नाही म्हणजे ढेकूण आपोआप संपले असतील. पण मोठा ढेकूण रक्ताशिवाय कित्येक महिने काढतो. लोखंडी कॉटच्या पोकळ नळीत, कपाटाच्या बिजागरीमागे, स्विचबोर्डाच्या पाठीशी तो स्वस्थ बसून असतो आणि कॉटवर पुन्हा कुणी झोपायला लागलं की बाहेर येतो. एका फवारणीनं भागत नाही, कारण औषधानं अंडी सहसा मरत नाहीत. ती आठवड्या-दीड आठवड्यात फुटतात, म्हणून पंधरवड्यानं दुसरी फवारणी करावीच लागते. या दुसऱ्या फवारणीचं बिल अकाउंट्समध्ये मंजूर करून घेणं हे ढेकूण मारण्यापेक्षा चिवट काम. ‘एकदा मारलंय ना मॅडम, मग परत कशाला?’ या प्रश्नाला उत्तर देता देता मी ढेकणांच्या आयुष्यक्रमावर बऱ्यापैकी व्याख्यान द्यायला शिकले.

आमच्या साफसफाईच्या मावशींचा औषधावर फारसा विश्वास नव्हता. मेच्या उन्हात सगळ्या कॉट त्या आवारात काढायला लावायच्या, सांध्यासांध्यात उकळतं पाणी ओतायच्या आणि नळ्यांच्या उघड्या तोंडांत चिंध्यांचे बोळे कोंबून वरून एम-सील लावायच्या. त्यांनी कुठलं पुस्तक वाचलं नव्हतं, पण शास्त्र त्यांच्याच बाजूनं होतं. पन्नास अंशांच्या वरची उष्णता ढेकूण आणि त्याची अंडी, दोन्ही मारते.

हे सगळं करूनही प्रवेशाच्या दिवशी धाकधूक असायचीच. एका वर्षी कराडकडच्या एक आजी नातीला सोडायला आल्या. बाकीचे पालक खिडकीतून दिसणारा डोंगर बघत होते. आजींनी गादी उचलायला लावली, केसातला आकडा काढला, कॉटच्या सांध्यात फिरवला आणि चष्म्याजवळ नेऊन निरखला. मी श्वास रोखून उभी.

‘औषिद मारलंय व्हय?’

‘दोनदा मारलंय, आजी.’

‘बरं केलंसा. एकदा मारून जात न्हाईत ती.’

मागे उभ्या असलेल्या आया एकमेकींकडे बघत लगबगीनं आपापल्या खोल्यांकडे गेल्या. त्या संध्याकाळी मजल्यावरच्या यच्चयावत गाद्या उलट्या झाल्या होत्या. त्या दिवसापासून आम्ही फवारणीच्या दोन्ही तारखा नोटीस बोर्डावर लावायला लागलो. लपवाछपवी करण्यापेक्षा ते बरं पडलं. एक सूचना मात्र तेव्हाही पालकांना आवडायची नाही आणि आजही आवडणार नाही: घरची जुनी कापसाची गादी आणू नका. ढेकूण नेहमी वसतिगृहातूनच घरी जातात असं नाही. तो रस्ता दोन्ही बाजूंनी चालू असतो.

कॉट झाल्या की खरा पेच सुरू होतो. कुणाला कुणाबरोबर ठेवायचं?

वसतिगृहाच्या अर्जात पूर्वीपासून ‘दिनचर्या’ असा एक रकाना होता. तो आई किंवा वडील भरत. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे आमच्याकडे येणारी प्रत्येक मुलगी रात्री दहाला झोपायची, पहाटे पाचला उठायची आणि मोबाइलचा वापर अभ्यासापुरताच करायची. ते अर्ज वाचले तर वाटावं, वर्षभर गुरुकुलच भरणार आहे. त्या माहितीवर खोल्या लावल्या की ऑगस्टमध्ये भांडणं ठरलेलीच.

मग आम्ही एक युक्ती केली. प्रवेशाच्या दिवशी, यादी लावण्याआधी, पालकांना मेसमध्ये चहा-पोह्यांना बसवायचं आणि मुलींना अभ्यासिकेत. तिथे त्यांच्या हातात एकपानी प्रश्नावली द्यायची. आई-वडिलांना ती दाखवली जाणार नाही, हे आधी सांगायचं. प्रश्न अगदी साधे. दिवा चालू असेल तर झोप येते का? पंखा कितीवर लागतो? गजर किती वेळा वाजल्यावर उठतेस? घरी कुणाबरोबर झोपतेस? कुणी न विचारता तुझा कंगवा घेतला तर? राग आला की बोलतेस की गप्प बसतेस?

त्या उत्तरांनी माझी चांगली करमणूक झाली. ‘दिवा चालू असेल तरी झोप येते, पण आईला सांगू नका.’ ‘गजर आईच बंद करते.’ ‘गप्प बसते. तीन दिवस.’ एकीनं लिहिलं होतं, ‘मी आजवर एकटीनं झोपलेले नाही, खोलीत माणसं असली तर बरंच आहे.’ आणि दुसरीनं, ‘मला माझी खोली आहे. मला भीती वाटते.’ या दोघींना मी शेजारशेजारच्या कॉट दिल्या. पुढे काय झालं ते सांगण्यासारखं विशेष नाही, दोघी चार वर्षं एकत्र राहिल्या इतकंच.

जोड्या लावताना पहिला निकष झोपेचा. जिल्हा, शाखा, मार्क हे सगळं नंतर. दुसरा नियम मी माझ्या आधीच्या रेक्टरबाईंकडून शिकले: तीन जणींच्या खोलीत दोन जुन्या मैत्रिणी आणि एक परकी मुलगी असं कधीही ठेवायचं नाही. तिघी अनोळखी चालतात, तिघी ओळखीच्याही चालतात. दोन अधिक एक हे गणित मात्र हमखास फसतं. दर वर्षी लातूरच्या किंवा नांदेडच्या एकाच क्लासमधून आलेल्या दोघींचे वडील हातात हात घालून यायचे: ‘मॅडम, बारावीपासून एकत्र आहेत, वेगळ्या करू नका.’ मी वेगळ्या करायचे. एकाच मजल्यावर ठेवायचे, एका खोलीत नाही. वडील रुसायचे. मुली पहिल्या आठवड्यात रुसायच्या. रत्नागिरीहून किंवा भंडाऱ्याहून एकटी आलेली जी तिसरी मुलगी असते, तिच्या बाजूनं बोलायला त्या क्षणी माझ्या केबिनमध्ये कुणीच नसायचं, म्हणून ते मला बोलावं लागायचं.

दुसरी मागणी असायची हुशार पार्टनरची. एका वडिलांनी तर सरळ सीईटीचे पर्सेंटाइल लावून खोल्या द्या म्हणून अर्ज केला, म्हणजे त्यांच्या मुलीला वरच्या मुलींची संगत लागेल. संगतीचा परिणाम होतच नाही असं मी म्हणणार नाही. अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजात पहिल्या वर्षाच्या खोल्या चिठ्ठ्या टाकल्यासारख्या, निवड न करता दिल्या जात. तिथल्या मुलांचा अभ्यास करून ब्रूस सॅसरडोट या अर्थतज्ज्ञानं २००१ साली दाखवलं की पार्टनरचा परिणाम मार्कांवर आणि कुठल्या मित्रमंडळात शिरायचं यावर होतो, मुख्य विषय निवडण्यावर मात्र दिसत नाही. पण वडिलांच्या सूत्रानं वाटण्या केल्या असत्या तर शेवटच्या खोलीचं काय? तिथे कुणाची संगत लागणार? अर्ज मी नम्रपणे परत केला.

तिसरी मागणी कधीच सरळ केली जात नाही. ‘आपल्यासारख्या घरातली बघा.’ ‘वातावरण जुळलं पाहिजे हो.’ ‘शाकाहारी आहोत आम्ही, तेवढं सांभाळा.’ शाकाहाराची गोष्ट खरी असेल तर ती सोपी आहे. खोलीत कुणी स्वयंपाक करत नाही आणि मेसमध्ये दोन वेगळ्या रांगा असतात. बहुतेक वेळा प्रश्न ताटाचा नसतोच. विचारणाऱ्यालाही ते माहीत असतं आणि मलाही.

हा पेच महाराष्ट्रात नवा नाही. राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापुरात आधी सर्वांसाठी एकच वसतिगृह काढून पाहिलं होतं. ते व्यवहारात एका वर्गाचंच होऊन बसलं. मग १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघालं आणि पाठोपाठ जैन, लिंगायत, मुस्लिम अशी एकेका समाजाची वसतिगृहं उभी राहिली. अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी १९०८ मध्ये मिस क्लार्क बोर्डिंग झालं. त्याच काळात कोल्हापुरात शिकत असलेले भाऊराव पाटील जैन बोर्डिंगमध्ये राहत. मिस क्लार्क बोर्डिंगच्या उद्घाटनाला गेले आणि परत आल्यावर अंघोळ करायला नकार दिला, म्हणून त्यांना बाहेर पडावं लागलं, हा किस्सा प्रसिद्ध आहे. त्याच भाऊरावांनी १९२४ मध्ये साताऱ्याला सगळ्या जातींच्या मुलांना एका पंगतीत बसवणारं बोर्डिंग काढलं आणि १९२७ मध्ये गांधीजींच्या हस्ते त्याला शाहू महाराजांचं नाव दिलं. शंभर वर्षांपूर्वी ज्या मुलांनी एकत्र भाकऱ्या थापल्या, त्यांच्या पणत्या माझ्या यादीत आणि मी ‘वातावरण’ जुळवत बसू? मी ते कधी जुळवलं नाही. हसून ‘बघते’ म्हणायचे आणि झोपेच्या वेळेवरच खोल्या लावायचे.

याच संदर्भातली एक गोष्ट कुणाच्या लक्षात येत नाही. प्रवेश विभागाकडून आमच्याकडे जी यादी येई तिच्यात नाव, गुणवत्ता क्रमांक, शाखा आणि प्रवर्ग असे रकाने असत. कामाच्या घाईत ती यादी जशीच्या तशी नोटीस बोर्डावर लागायची. म्हणजे मुलगी सामान घेऊन जिन्यात पोचायच्या आधी तिची कॅटेगरी तिसऱ्या मजल्यावर पोचलेली. आम्ही ते बंद केलं. बोर्डावर नाव आणि खोली क्रमांक, बाकी काही नाही. तरी ‘तुझा रँक किती?’ हा प्रश्न पहिल्या रात्री फिरतोच आणि तो दर वेळी रँक समजून घेण्यासाठी विचारला जातो असं नाही. २०१६ च्या दुरुस्तीनंतर विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमांत जात, धर्म, प्रदेश, भाषा यांवरून केलेला छळ रॅगिंगमध्येच मोडतो, हे मी पहिल्या दिवसाच्या बैठकीत हळू आवाजात, पण पालकांच्या देखत सांगायचे.

आता यादी लागली म्हणजे काम संपलं का? छे. सीईटी सेलच्या प्रवेश फेऱ्या तीन-चार असतात. पहिल्या फेरीत आलेली मुलगी कॉट घेते, भिंतीला चित्रं लावते, पार्टनरबरोबर बादल्या आणायला जाते आणि दुसऱ्या फेरीत बेटरमेंट, म्हणजे वरच्या पसंतीचं कॉलेज, मिळालं की टॅक्सी बोलावून निघून जाते. तिच्या जागी नवी येते. एका खोलीतल्या दोघींनी एका पावसाळ्यात इतक्या पार्टनर पाहिल्या की शेवटी आलेल्या मुलीला त्यांनी दारातच विचारलं, ‘सीट फ्रीझ केलीस ना? मग आत ये.’ म्हणून अनुभवी रेक्टर शेवटची फेरी होईपर्यंत यादी पेन्सिलनं लिहिते. पालकांनीही तोवर खोलीसाठी पडदे शिवून घेऊ नयेत.

पावसाळा म्हटला की गरम पाणी आठवतं. आमच्याकडे गच्चीवर सोलर होतं, बहुतेक ठिकाणी असतं. प्रवेश होतात नेमके जुलै-ऑगस्टमध्ये, म्हणजे पुण्यात आठवडे-आठवडे ऊन नसतं तेव्हा. वर्षातलं सगळ्यात कोमट पाणी नेमकं नवीन मुलींच्या वाट्याला येतं आणि त्यांचा समज होतो की इथलं सगळं असंच आहे. शिवाय टाकी वर असल्यानं गरम पाणी आधी वरच्या मजल्याला मिळतं. तळमजल्याच्या नळात रात्रभर थंड झालेलं पाणी आधी येतं आणि ते सोडून द्यायला लागतं. जुन्या मुली म्हणूनच वरचा मजला मागतात. मार्च-एप्रिलमध्ये त्याच मुली तापलेल्या गच्चीखाली झोप येत नाही म्हणून खाली येतात, ते वेगळं.

या कोमट पाण्यातून कॉइलचा जन्म होतो. वसतिगृहात कॉइल, शेगडी, इस्त्री यांना बंदी असते आणि प्रत्येक खोलीत त्यातलं काहीतरी असतंच. छत्रीच्या पिशवीत, ड्रॉइंगच्या नळकांड्यात, एकदा तर गणपतीच्या मखराच्या मागे मला कॉइल सापडलेली आहे. बंदीमागचं कारण कुणी नीट सांगत नाही, म्हणून ती मोडली जाते. आमच्या इमारतीत दोन खोल्यांच्या दिव्या-पंख्यांना मिळून सहा अँपिअरचा एक एमसीबी होता. २३० व्होल्टला हिशेब केला तर १३८० वॉट. बाजारातली कॉइल १५०० वॉटची. एकटी कॉइल कशीबशी निभून जाते, पण वायर तापत राहते, आणि खरा धोका तोच. शेजारच्या खोलीत किटली लागली की भार दुप्पट होतो आणि दोन्ही खोल्या अंधारात जातात. आमचे इलेक्ट्रिशियन काका अंधार झाला की फ्यूज बोर्डाकडे न जाता आधी बाथरूमच्या बोळात जायचे आणि कोणत्या बादलीतून वाफ येतेय ते बघायचे.

इलेक्ट्रिकल शाखेच्या एका मुलीनं हे गणित स्वतः केलं. तिनं मुद्दाम १००० वॉटची कॉइल आणली आणि दोन्ही खोल्यांतल्या सहा जणींचं वेळापत्रक करून दाराच्या मागे लावलं: कोण कधी पाणी तापवणार, तेव्हा कोणी किटली लावायची नाही, पंखे कितीवर ठेवायचे. कॉइल मी जप्त केली. पाण्यात विजेचा दांडा सोडून सहा मुली आळीपाळीनं बादलीपाशी जातात, ही कल्पनाच मला झोपू देईना. वेळापत्रक मात्र इतकं चोख होतं की त्यावरूनच आम्ही त्या मजल्याच्या अंघोळीच्या पाळ्या लावल्या आणि पाळ्या लागल्यावर गरम पाणी पुरायला लागलं. तिची कॉइल चौथ्या वर्षी परत केली.

मेसबद्दल लिहायला बसले तर वेगळा लेख होईल. थोडक्यात सांगते. पहिल्या आठवड्यात महाराष्ट्राचा नकाशा आमटीत उतरतो. नागपूरकडची मुलगी पहिला घास घेऊन विचारते, ‘मॅडम, हे वरण गोड काऊन आहे?’ सोलापूरची ज्वारीची भाकरी शोधत असते, कोकणातली शुक्रवारच्या मासळीची चौकशी करते, जळगावची शेवभाजीवर बोलून सगळ्यांना दमवते. आमच्या मेसवाल्या काकूंनी यावर पातेलं वेगळं करण्याऐवजी ठेचा वेगळा ठेवला. खोल्यांमध्ये तोवर शेंगदाण्याची चटणी, जवसाची चटणी, कांदा-लसूण मसाला आणि मेतकूट यांची देवाणघेवाण सुरू झालेली असते. कित्येक जोड्या प्रश्नावलीपेक्षा या चटण्यांनीच जुळवल्या आहेत, हे मान्य करायला हवं. डबे मात्र घट्ट झाकणाचे द्या. मुंग्यांना बेटरमेंट लागत नाही.

मेसमधला खरा तंटा चवीचा नसतो, खाड्याचा असतो. अडीचशे मुली, प्रत्येकी तीन पोळ्या म्हटलं तर एका वेळेला साडेसातशे पोळ्या. किलोभर कणकेच्या पस्तीस-चाळीस होतात, म्हणजे वीस किलो कणीक दुपारी तीनलाच मळायला घेतात. शुक्रवारी निम्म्या मुली न सांगता घरी गेल्या की ती कणीक कुणाच्या माथी मारायची? त्या नुकसानीची भरपाई पुढच्या आठवड्यातल्या पातळ भाजीतून होते. आदल्या दिवशी खाडा लिहिणारी मुलगी पैसेही वाचवते आणि मागे राहिलेल्यांचं जेवणही. हे मुलींना समजायला दिवाळी उजाडते.

दिवाळी हा आमच्या कॅलेंडरमधला मोठा टप्पा. खोली बदलून मिळण्याचे अर्ज ऑगस्टमध्ये सुरू होतात. माझ्या टेबलावर एक जाड तक्रारवही असायची. तिच्यात ‘स्वभाव जुळत नाही’ हे वाक्य इतक्या वेळा होतं की त्याचा शिक्का करून ठेवता आला असता. मुलीला समोर बसवून, चहा देऊन विचारलं की स्वभाव बाजूला पडायचा आणि खरं कारण यायचं. ती पाचपासून सातपर्यंत दर दहा मिनिटांनी गजर लावते आणि उठत नाही. ती रात्री कॉटवर बसून फोनवर बोलते, कुजबुजत बोलते आणि कुजबुज जास्त ऐकू येते. माझं तेल ती वापरते आणि बाटली रिकामी झाली की मला सांगते. केर काढायची पाळी तिची असली की ती आजारी पडते.

आणि कुलूप. हा विषय कुणाच्याच सामानाच्या यादीत नसतो. खोलीचं कुलूप मुलींनीच आणायचं असतं. जिनं ते आणलेलं असतं ती शुक्रवारी दुपारी सवयीनं कुलूप लावून सांगलीच्या गाडीत बसते. दुसऱ्या दोघी प्रॅक्टिकल संपवून येतात तेव्हा चावी साताऱ्याच्या पुढे पोचलेली असते. आमच्या वॉचमन मामांकडे या कामासाठी हॅक्सॉ ब्लेडचं अख्खं पाकीटच असायचं. कुलूप कापलं गेलं म्हणून एक पालक माझ्याशी अर्धा तास भांडले. आपली मुलगी दोघींना बाहेर ठेवून गेली होती हा मुद्दा शेवटपर्यंत त्यांच्यापर्यंत पोचला नाही. नंतर आम्ही नियमच केला: कुलूप चार चाव्यांचं, तिघींकडे एकेक आणि चौथी ऑफिसात पाकिटात सीलबंद. पाकीट उघडलं तर रजिस्टरमध्ये तिघींच्या सह्या.

या सगळ्यावर आमच्याकडे चाललेला उपाय म्हणजे खोलीचा ठराव. पहिल्या रविवारी, शक्यतो भांडण व्हायच्या आधी, तिघींनी बसून एक पान लिहायचं. दिवा किती वाजता जाईल, त्यानंतर जागणारीनं टेबललॅम्प लावायचा की अभ्यासिकेत जायचं, गजर किती वेळा, फोन कुठे, न विचारता घेतलेलं चालेल असं काय आणि अजिबात चालणार नाही असं काय, केर कुणी कधी, आजारी पडल्यावर घरी कुणी कळवायचं. खाली तिघींच्या सह्या. माझी सही नाही. माझी सही असती तर तो माझा नियम झाला असता आणि माझे नियम कसे मोडायचे याचं शिक्षण त्यांना दुसऱ्या वर्षाच्या मुलींकडून मिळतच होतं. एका खोलीनं ठरावात लिहिलं होतं, ‘घरून लाडू आले तर पहिले दोन दिवस फक्त मालकिणीचे, नंतर सार्वजनिक.’ मी आजवर वाचलेल्या सरकारी आदेशांपेक्षा हे वाक्य स्पष्ट आहे. आणखी एका खोलीत ‘रडायचं असेल तर कारण विचारायचं नाही, फक्त पाणी द्यायचं’ असं कलम होतं. ते कुणाच्या आग्रहानं आलं, मी विचारलं नाही.

ठराव झाला तरी अर्ज येतात. नियम असा की दिवाळीच्या सुटीपर्यंत खोली बदलणार नाही. सुटीहून परतल्यावर मी प्रत्येक अर्जदार मुलीला पुन्हा विचारायचे. बहुतेक जणी ‘राहू दे मॅडम’ म्हणायच्या. सगळ्या नाही. काही जोड्या खरोखरच जमत नाहीत. तिथे दोघींपैकी कुणाचाही दोष न काढता खोली बदलून द्यावी, हे माझं मत शेवटपर्यंत बदललं नाही.

या नियमाला अपवाद आहेत आणि तिथे दिवाळीची वाट बघायची नसते. मुलीचं खाणं-झोपणं तुटलं असेल, तिला सतत टोमणे बसत असतील, कपड्यांवरून, भाषेवरून, जातीवरून तिची टिंगल होत असेल, सीनियर मुली तिला रात्री बोलावत असतील, तर खोली त्याच रात्री बदलायची आणि चौकशी दुसऱ्या दिवशी सकाळी. एकदा रात्री साडेअकराला मी एका मुलीचं सामान मावशींबरोबर उचलून माझ्या क्वार्टरशेजारच्या पाहुण्यांच्या खोलीत आणलं. तिनं तक्रार लिहून दिली नव्हती. तिची पार्टनर खाली येऊन एवढंच म्हणाली होती, ‘मॅडम, ती दोन दिवस मेसला आली नाही.’ मला तेवढं पुरलं. मेसची हजेरी बघणं हे रेक्टरचं सगळ्यात महत्त्वाचं काम आहे, असं मी नव्या रेक्टरबाईंना चार्ज देताना पहिल्यांदा सांगितलं.

कायदा या बाबतीत मोघम नाही. महाराष्ट्रात रॅगिंगविरोधी कायदा १९९९ पासून आहे आणि त्यात दोन वर्षांपर्यंत कैद व दहा हजारांपर्यंत दंडाची तरतूद आहे. २००९ मध्ये हिमाचलात अमन काचरू या वैद्यकीय विद्यार्थ्याचा रॅगिंगमध्ये मृत्यू झाला. त्याच वर्षी विद्यापीठ अनुदान आयोगाचे नियम आले. पहिल्या वर्षाच्या मुलांना शक्यतो वेगळ्या इमारतीत ठेवायचं. ते जमत नसेल तर सीनियर मुलांच्या येण्या-जाण्यावर वसतिगृहानं कडक लक्ष ठेवायचं. पालकांकडून आणि मुलांकडून प्रतिज्ञापत्र घेतलं जातं तेही यातलंच. पालक ते न वाचता सही करतात. मी त्यांना मोठ्यानं वाचायला लावायचे. रांग थांबायची, कुरकुर व्हायची, पण वाचून झालं की प्रश्न यायचे, आणि मला ते प्रश्नच हवे असायचे.

यंदा मुलीला किंवा मुलाला सोडायला जाणार असाल तर एवढं करा. अर्जातला झोपेचा रकाना त्यांना स्वतःला भरू द्या. पार्टनरचं आडनाव विचारू नका, ती किती वाजता झोपते ते विचारा. चार चाव्यांचं कुलूप घ्या. शिष्यवृत्तीसाठी आणि वसतिगृह भत्त्यासाठी लागतात म्हणून फीच्या सगळ्या पावत्या एका फाइलमध्ये लावा. रॅगिंगविरोधी हेल्पलाइनचा क्रमांक १८००-१८०-५५२२ मुलांच्या आणि तुमच्या, दोन्ही फोनमध्ये घाला. तो चोवीस तास चालू असतो. आणि पहिल्या शनिवार-रविवारी घरी न्यायला येऊ नका. खोलीचा ठराव त्याच रविवारी होतो.